रुखवतातलं तोरण

सविताला विणकाम धड येत नाही, ही गोष्ट अबू धाबीतल्या एकाही मराठी बाईला माहीत नव्हती. कशी असणार? दिवाळीच्या फराळाला माणसं जमली, की चंद्रहास हटकून म्हणायचा, "ते रुखवतातलं तोरण काढ ना, बघू दे सगळ्यांना." मग कपाटातून पांढरंशुभ्र क्रोशाचं तोरण निघायचं, बायका एकेक टाका निरखून हरखायच्या आणि सविता मुकाट्यानं करंज्या पुढं करायची. खोटं ती कधी बोलली नाही. खरं बोलली नाही, एवढंच.

तोरण तिच्या थोरल्या बहिणीचं होतं. ताईचं. आणि चंद्रहासशी लग्न ठरलं होतं तेही ताईचंच. चिपळूणच्या घरी ताई हौसेनं रुखवताला बसली आणि सगळ्यांत शेवटी तिनं हे तोरण हातात घेतलं. नुसती वेलबुट्टी काढेल तर ती ताई कसली! स्वतःच रचलेला उखाणा तिला त्यात गुंफायचा होता:

मोगऱ्याच्या कळ्यांची दारी आरास,
उंबऱ्याशी उभी मी, आत चंद्रहास.

नावापुढं राव कुठं गेले म्हणून आत्या रागावल्या, ताई नुसती हसली. दुसरी ओळ ती जाळीच्या चौकोनांत एकेक अक्षर भरून विणत होती. लग्नाला महिना राहिला असताना तिला कावीळ झाली आणि बघता बघता ती गेली.

पुढचं ऐकाल तर माणसं किती व्यवहारी असतात ते कळेल. सुतकातच आईनं अर्धवट तोरण आणि सुई धाकटीच्या हातात दिली. अर्धं काम घरात ठेवू नये म्हणे. सवितानं रडत, उसवत, पुन्हा घालत ते कसंबसं पुरं केलं. वर्षाच्या आत मुलाकडच्यांनी धाकटीला मागणी घातली. मुलगा चांगला, नोकरी गल्फमधली, नाही कोण म्हणणार? रुखवत तेच मांडलं. नाव घे, नाव घे म्हणून बायका मागं लागल्या तेव्हा त्या एवढ्याशा पोरीला दुसरं काही सुचेना आणि तिच्या तोंडून ताईचाच उखाणा बाहेर पडला. शेवटचा शब्द तिनं घाईनं उच्चारला. उंबऱ्याशी कोण उभं आहे, हे तिला तेव्हाच कळलं होतं.

अबू धाबीत आल्यावर तिनं ते तोरण एकदाही दाराला लावलं नाही. तरी दिवेलागणीला देवापाशी निरांजन लावलं, की दाराबाहेर कुणीतरी येऊन उभं राहायचं. बेल नाही, टकटक नाही. नुसतं उभं. सविता ओल्या हातांनी दारापाशी जायची, भिंगातून बघायची. बाहेर लिफ्टचा उजेड आणि शेजारच्यांच्या चपला. कुणी दिसलं असतं तर बरं झालं असतं, असं तिला वाटायचं. ती मनातल्या मनात ताईला हाक मारायची आणि परत स्वयंपाकघरात यायची. दोन फ्लॅट बदलले, काही फरक पडला नाही. चंद्रहासला ती यातलं अवाक्षर बोलली नाही, आणि त्यानंही लग्नानंतर ताईचं नाव कधी काढलं नाही. पर्णिकाला, त्यांच्या मुलीला, आपल्याला एक मावशी होती हेसुद्धा ठाऊक नव्हतं.

ही पर्णिका शिल्पकला शिकून आली. एका प्रदर्शनात तिचं काम लागणार होतं: ब्राँझची मोकळी चौकट, दार नाही, भिंत नाही, आणि वर ब्राँझचंच तोरण. लहानपणापासून प्रत्येक हळदीकुंकवाला ऐकलेला आईचा उखाणा तिच्या डोक्यात बसला होता. आईची कविता आणि आईच्याच हातचं काम, असं ती ज्याला त्याला सांगत सुटली. खाली पाटीवर आईचं नाव टाकणार होती. पण एक अडचण होती, ती तिनं फार चाचरत सांगितली. तोरण मेणात बुडवायचं, त्याभोवती मातीचा साचा घडवायचा आणि भट्टीत घालायचं. आत मेण वितळतं, दोरा जळून राख होतो, आणि जी पोकळी उरते तिच्यात ब्राँझ ओततात. म्हणजे मूळ तोरण राहणारच नाही.

"इट विल बर्न, आई. पूर्ण. यू शुअर?"

"जळू दे," सविता म्हणाली.

इतक्या चटकन म्हणाली, की तिचं तिलाच नवल वाटलं. सविताला आत कुठंतरी हायसं वाटलं होतं आणि त्याची तिला लाजही वाटली. ताई जाईल आता. नवरा, घर, उखाणा, सगळं एकदाचं आपलं होईल. असं वाटणं वाईट, पण वाटलं खरं.

तोरण मुसफ्फाला, भट्टीच्या कारखान्यात गेलं त्या संध्याकाळी दाराबाहेर कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. सविता आठवडाभर गाढ झोपली. मग एका संध्याकाळी निरांजन लावून ती थांबली, कान देऊन उभी राहिली, आणि स्वतः जाऊन दार सताड उघडलं. बाहेर खरोखरच कुणी नव्हतं. आयुष्यात एवढी भीती तिला कधी वाटली नव्हती. भट्टी पेटली असेल का, हा एकच विचार तिच्या डोक्यात फिरत राहिला. पर्णिकाला फोन लावला, तर ती आनंदात होती. खलास, आई, काल भट्टीतून निघालं, शुक्रवारी सकाळी ब्राँझ ओततील, दुपारी साचा फोडू, तुम्ही दोघं या.

शुक्रवारी दुपारी चंद्रहासनं गाडी काढली. ओतकामाचा कारखाना त्याच्याच ओळखीच्या धनंजयचा. एरवी तिथं पंपांचे आणि बोटींचे भाग ओतायचे, हल्ली कलाकारांचीही कामं येत. चंद्रहासला कुणा सप्लायरचा फोन आला म्हणून तो दाराशीच थांबला. आत धनंजयनं साच्याचे शेवटचे तुकडे उडवले, ब्रशनं माती झाडली आणि म्हणाला, "या वहिनी, बघा तुमची कारागिरी."

सविता जवळ गेली. जळून गेलं म्हणून जे तिनं सोडून दिलं होतं, ते समोर जसंच्या तसं होतं. विणीतला एकेक खांब, एकेक साखळी, दोऱ्याचा पीळसुद्धा. आता ते मळणार नव्हतं, विरणार नव्हतं, आणि कुठल्याही कपाटात मावणार नव्हतं. आपण ताईला घालवायला निघालो होतो आणि तिला कायमची करून बसलो, हे तिला त्या क्षणी कळलं.

पर्णिका अक्षरांवरून बोट फिरवत होती. 'उंबऱ्याशी उभी मी' इथपर्यंत बोट सरळ गेलं. मग ते अडखळलं. पांढऱ्या दोऱ्यात, खळीत, इतकी वर्षं जे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, ते धातूत उघड दिसत होतं. 'मी'पर्यंत टाके घट्ट, एकसारखे. पुढं सैल, वाकडे, कुठं फास मोठा तर कुठं खांबच सुटलेला. 'आत चंद्रहास' तर अक्षरशः थरथरत होतं.

"आई, लुक. इट्स लाइक अनदर पर्सन. इथं काय झालं होतं तुला?"

धनंजयनं वाकून पाहिलं. टेन्शन घेऊ नका म्हणाला. थोडा ग्राइंडर मारला, वरून जरा पॉलिश केलं, की सगळं एकसारखं होईल, कुणाला कळणारसुद्धा नाही. त्यानं मशीन उचललंही.

कुणाला कळणार नाही. सवितानं आयुष्यभर दुसरं काय मागितलं होतं? ती पुढं झाली आणि दोन्ही हात त्या वाकड्या अक्षरांवर ठेवले. ब्राँझ अजून कोमट होतं.

"हात लावू नका त्याला," ती म्हणाली. मग मुलीकडं वळली. "इथपर्यंत माझी ताई. इथं ती गेली. पुढचं मी केलं. उखाणाही तिचाच, पर्णिका. आणि लग्नही तिचंच ठरलं होतं."

पर्णिकानं अक्षरांवरचं बोट काढून घेतलं. तुला बहीण होती, एवढंच ती कसंबसं म्हणाली.

चंद्रहास केव्हा आत आला ते कुणालाच कळलं नव्हतं. फोन हातात तसाच होता. तो तोरणापाशी आला आणि नेमकं त्या 'मी'वर त्यानं बोट टेकवलं.

"एवढं झालं होतं तेव्हा तिनं मला दाखवलं होतं," तो म्हणाला. "पुढचं तू विणलंस, ते मी रुखवतातच ओळखलं होतं." मग तो पर्णिकाला म्हणाला, "पाटीवर दोघींची नावं घाल. आधी शर्वाणीचं."

इतक्या वर्षांत ते नाव सवितानं त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. ते अडखळलं नाही की घोगरं झालं नाही. वापरात नसलेलं नाव असं सहज निघत नाही. सविताच्या अंगाची लाही झाली. तिला त्याचा भयंकर राग आला, आणि त्या रागातच तिला रडू फुटलं.

"तुम्ही रोज घेता हे नाव," ती म्हणाली.

चंद्रहासनं मान खाली घातली. "हो."

सवितानं पदरानं डोळे पुसले.

"मीसुद्धा," ती म्हणाली.