रिकामं आसन

संग्रहालयातल्या बुद्धाच्या दालनासाठी पाथरवटानं आठ महिने खपून दगडी आसन घडवलं. मागे कोरलेला पिंपळ, खाली दोन पावलं, आणि बसायच्या जागी काहीच नाही. समितीच्या अध्यक्षांनी त्याभोवती फेरी मारून विचारलं, "छान. मूर्ती कधी बसवताय?"

"मूर्ती नाही, साहेब. सुरुवातीच्या काळात बुद्धाची मूर्ती कुणी घडवतच नव्हतं. जो सगळं सोडून गेला, त्याला दगडात कुठं पकडणार? जागा रिकामी ठेवायचे."

"हो हो, माहितीये की!" अध्यक्षांना काय माहीत नव्हतं? 'मी' असं काही नसतंच, या विषयावर त्यांची तीन पुस्तकं होती आणि तिन्हींच्या मुखपृष्ठावर त्यांचाच फोटो.

"लोकांना अर्धवट वाटेल," चिटणीस म्हणाला. "प्लॅस्टरची तयार मूर्ती मिळते. मापात बसेल."

जागा भरली की पाथरवटाचे आठ महिने मातीत. पण अध्यक्षांनी उदारपणे हात हलवला. "रिकामंच राहील. शब्द देतो."

पाथरवट भोळा. त्यानं तो शब्द खरा मानला.

उद्घाटनाला अध्यक्ष तृष्णेवर पाऊण तास बोलले. हाव सोडा, आसक्ती सोडा. माईक तेवढा त्यांना सोडवेना. शेवटी गुडघे दुखायला लागले, समोर फोटोवाले जमले, आणि स्वारी सरळ आसनावर जाऊन बसली. बूट कोरलेल्या पावलांवर. टाळ्या पडल्या. दगडाला वाकवणारा पाथरवट गर्दीत मागे सरकला.

त्याची थोरली बहीण मात्र तरातरा पुढे गेली. आसनाला घासून घासून चकाकी आणली होती ती तिनंच. ती पावलांपाशी वाकली, तसा अध्यक्षांनी आशीर्वादाला हात उचलला.

"तुम्हाला नाही हो! उठा बघू. ती जागा कुणाची आहे?"

"ताई," अध्यक्ष गोड हसले, "मी तर कुणीच नाही."

"मग उठायला एवढं जड का जातंय?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. अध्यक्ष लालबुंद होऊन उठले. पाथरवटाला इतका आनंद झाला की बहिणीच्या पाया पडावंसं वाटलं.

तेवढ्यात चिटणीस त्याच्या कानाशी आला. "उद्या मूर्ती मागवतो. जागा रिकामी ठेवली की असंच होतं, कुणीही येऊन बसतं."

बुद्धाची पहिली मूर्तीही अशीच कुणी रिकाम्या जागी येऊन बसल्यामुळे घडवावी लागली असेल, असं पाथरवटाच्या मनात आलं. तो चिटणिसाला जागेचं माप सांगायला लागला.