मथुराचं मीठ

मथुराच्या खाऱ्या बांगड्याला मिठबावपासून देवगडपर्यंत गिऱ्हाईक होतं. ती स्वतः मात्र नऊ वर्षं त्याला तोंड लावत नव्हती.

नवरा गणपत पोटाच्या कॅन्सरने गेला, तेव्हा बाराव्याच्या पंगतीत नणंद रुक्मिणी सगळ्यांदेखत म्हणाली, "हिना माझ्या भावाक मीठ चारून मारल्यान." गणपतला पेजेबरोबर रोज खारा बांगडा लागायचा, हे गावाला ठाऊक होतं. त्याआधी सासरे काशीराम याच दुखण्याने गेले, तेव्हा लोकांनी ते दारूवर ढकललं. चुलत सासरे गेले, तेव्हा भुताखेतांवर. गणपतच्या वेळी दोष द्यायला घरातच जिवंत बाई सापडली, मग कोण सोडतो? अठरा वर्षांच्या प्रितेशनेही आत्याचंच ऐकलं. त्याने मुंबईला नोकरी धरली. मे महिन्यात गावी आला की जेवायचा आत्याकडे, आणि आईच्या ओटीवर पाच मिनिटं पाहुण्यासारखा बसून जायचा. मथुराला ते मरणाहून वाईट वाटे. पण आपणच मारलं, हे तिलाही मनोमन पटलेलं होतं.

२००५ साली तालुक्याच्या गावी मुंबईहून एक डॉक्टर बाई आल्या. ज्या घरांत पोटाच्या कॅन्सरने एकाहून जास्त माणसं गेली, तिथलं रक्त त्या तपासायला नेत होत्या. मथुरा गेली ती आरोपीसारखी, पदर आवळून. विचारायच्या आधीच सांगून मोकळी झाली, "मीठ माझाच होता, बाई."

"आणि तुम्ही काय खात होतात, मावशी?"

"ताच."

"म्हणून तर तुमचं रक्त हवंय. जेवण त्या घरचं, पण रक्त त्या घरचं नाही." बाईंनी पेन खाली ठेवलं. "जास्त मीठ वाईटच. पण एकट्या मिठाने एवढं होत नाही. पोटात एक जंतू असतो. निम्म्या जगाच्या पोटात असेल, आणि बहुतेकांना तो काही करत नाही. काही घराण्यांत मात्र शरीराचा राखणदारच तापट. जंतूवर असा तुटून पडतो की वर्षानुवर्षं पोटाचं अस्तर भाजून निघतं. तो तापटपणा आईबापांकडून मुलांत उतरतो, असं दिसायला लागलंय. पक्कं नाही, अभ्यास चालू आहे. मुलगा आहे ना? त्याला दुर्बिणीने पोट तपासायला सांगा. जंतू सापडला तर बहुतेक वेळा गोळ्यांनी जातो."

परतीच्या एस.टी.त मथुराला रडू फुटलं. आधी बरं वाटलं. चारचौघांत रुक्मिणीला काय ऐकवायचं, तेही तिने मनाशी जुळवलं. मग कुणकेश्वरच्या अलीकडे तिच्या ध्यानात आलं, आपण सुटलो म्हणजे प्रितेश अडकला. त्यापेक्षा मीठ आपलं होतं, तेच बरं होतं.

उतरल्या उतरल्या तिने दुकानातल्या लाल फोनवरून त्याला गाठलं.

"झिला, डॉक्टर म्हणतत, ता तुमच्या घराच्या रगतात आसा. तू पोट तपासून घे."

प्रितेश म्हणाला, "म्हणजे आता बाबांच्या रगताचो दोष. तू सुटलंस."

"तसा नाय रे."

"आये, माका काम आसा. ठेवतंय."

तो खरंच ठेवणार, हे तिला आवाजावरून कळलं. तिने फोन दोन्ही हातांनी धरला.

"मीठ माझाच होता. माझ्याच हातान तुझो बापूस गेलो. रुक्मिणी म्हणता ता खरा. तूय अठरा वर्सां ताच खाल्लंस, म्हणान सांगतंय. जा. डॉक्टराक सांग, बापूस आणि आजो दोघय पोटान गेले."



"शनवारी जातंय," तो म्हणाला. आई कशी आहे, ते त्याने विचारलं नाही.

घरी येऊन तिने निखाऱ्यावर एक खारा बांगडा भाजला आणि पेजेबरोबर खाल्ला. आपण मारलं नाही, हे आता तिला एकटीला ठाऊक होतं, आणि ते तसंच राहायचं होतं. बांगडा छान मुरला होता. गणपतने आणखी एक मागितला असता.