मंजुषाच्या नावावरची मशीन

राजेगावच्या अलीकडे एक लहानसं गाव आहे. तिथे सकाळी सहाला तुम्ही शेताकडे गेलात, तर धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, वाकलेली एक बाई दिसायचीच. ती मंजुषा. हातात विळा, कमरेला खोचलेला पदर, आणि मागे कापलेल्या गवताचे पेंढे. अश्विन महिना लागला होता. बांध्यांमधलं, म्हणजे भाताच्या खाचरांमधलं, धान निसवलं होतं आणि धुऱ्यांवर कमरेइतकं गवत माजलं होतं. घरी चार जनावरं. धानाचं तणस होतंच, पण दुभती म्हैस नुसत्या तणसावर किती दिवस दूध देणार? हे गवत हिरवं असतानाच कापून वाळवायचं, गंजी रचायची. पंधरा दिवस उशीर झाला की तेच गवत काडीसारखं कडक होतं आणि जनावर त्याला तोंड लावत नाही. गेल्या वर्षी एकट्या मंजुषाच्या विळ्याने अर्धंच गवत निघालं, आणि चाऱ्यापायी चैत्रात एक म्हैस विकावी लागली. ह्या वर्षीही तसंच झालं, तर दुसरी जाणार होती. त्या म्हशीच्या दुधावरच तिच्या नऊ वर्षांच्या खुशीची शाळा चालली होती.

म्हणून गवत कापायची मशीन घ्यायची ठरली. सरकारी योजनेत बाईच्या नावाने अर्ज केला तर सूट जास्त मिळते, असं कुणीतरी सांगितलं. नवऱ्यामागे दोन एकर मंजुषाच्या नावावर झालेच होते. मग काय, भाऊकीतले वडीलधारे भैयालाल स्वतः घरी आले, आणि एरवी सणासुदीला जिचं तोंड समोर नको म्हणायचे, तिला त्यांनी ओट्यावर बोलावून घेतलं. "ये बाई, इथं सही कर. अंगठा बी लाव." विधवेची सही अपशकुनी नसते, हे मला त्या दिवशी नव्याने कळलं.

तिचा नवरा राजेंद्र तीन वर्षांपूर्वी गेला. घरात मोटरसायकल आली, जुनीच, पण घराला नवी. पूजा झाली, नारळ फुटला, राजेंद्र तिच्यावर बसून बालाघाटला निघाला आणि पहिल्याच डाव्या वळणावर पडला. डोक्याला मार लागला. दवाखान्यात पोचेपर्यंत सारं संपलं होतं. तेव्हापासून मंजुषा पांढऱ्या पायाची ठरली. लग्नात मागे, हळदीला बाहेर, नवी वस्तू घरी आली की दाराच्या आत. सासू शेवंताबाईही विधवाच, अठरा वर्षांपासून. त्या हे सगळे नियम स्वतः पाळायच्या आणि सुनेकडूनही काटेकोर पाळून घ्यायच्या.

बालाघाटला बसस्टँडमागच्या दुकानात मशीन पाहायला धाकटा दीर लोकेश गेला. कागदांसाठी मंजुषालाही न्यावं लागलं. लोकेश तसा मनाने वाईट नव्हता, पण त्याची नजर दुकानात शिरल्या शिरल्या रीपरवर गेली. दोन चाकांचा, लाल रंगाचा, समोर दातेरी पट्टी असलेला.

"हेच घेऊ, वहिनी. गावात पाहतच राह्यतीन लोकं."

"भाऊजी, पन गवत तं धुऱ्यावर हाय," मंजुषा हळूच म्हणाली. "दीड हाताचा धुरा. हे चाकं कुठं ठेवान? अन् बांधीत अजून चिखल हाय."

"मोठी मशीन घेतली तं दुसऱ्याच्या वावरात बी चालन."

"आपल्याच वावरात नाही चालली तं दुसऱ्याचं कायले सांगता?"

दुकानातली फिटर मुलगी हसली. तिचं नाव आम्रपाली. भरवेलीची, बाप खाणीत कामाला, आयटीआय करून इथे लागलेली. "भाभी सही बोलून राह्यल्या," ती म्हणाली. "रीपर सपाट, सुक्या जमिनीसाठी. धुऱ्यासाठी ये देखो, खांद्यावरचा कटर. पट्टा लावला का वजन कमरेवर येते. टू-स्ट्रोक सस्ता, पन पेट्रोलमंधी ऑइल मोजून टाका लागते, भुलले तं इंजिन जाम. फोर-स्ट्रोक थोडा महाग, पन पेट्रोल कम खातो अन् हात बी कमी झनझनते."

मंजुषाने भराभर विचारलं. मोठ्या गवताला कोणतं पातं? एका टाकीत किती वेळ? सामान इथेच मिळतं का? आम्रपालीने तिच्या खांद्यावर पट्टा चढवला आणि दुकानामागच्या रिकाम्या जागेत नेलं. पहिल्यांदा मशीन गुरगुरली तेव्हा मंजुषा घाबरली. पण दहा मिनिटांत तिने डावीकडून उजवीकडे वाफाभर गवत असं काही झोपवलं, की आम्रपाली म्हणाली, "भाभी, तुमी तं उस्ताद निघाल्या." किती दिवसांनी मंजुषाला कुणी चांगलं म्हटलं होतं!

मग आम्रपालीने मशीन आडवी केली. "आता ध्यान द्या. हे लाल बटन दाबलं का इंजिन बंद. अन् पात्याचा हा नट उलटा हाय. बाकी दुनियेचे नट उजवीकडं फिरवले का कसते, हा डावीकडं. उजवीकडं फिरवला का ढिल्ला होते. अन् फिरतं पातं सुटलं तं पाय घेऊन जाईन कोनाचा. चार वेळा खोला अन् लावा माह्यासमोर."

मंजुषाने सहा वेळा केलं. लोकेशने रीपरचा नाद सोडला होता; तो तेव्हा गल्ल्यापाशी कटरसाठी कागदांच्या झेरॉक्स देत होता. परतताना तिने त्याला सांगितलं. तो म्हणाला, "हौ वहिनी, नट कसता येते मले. मोबाइलवर व्हिडिओ पाह्यला मी."

मशीन दोन दिवसांनी आली, दसऱ्याच्या आदल्या दिवशी. त्या दिवशी नवमी होती. लोकेशच्या बायकोने, अंजूने, खुशीला पाटावर बसवून तिचे पाय धुतले, कुंकू लावलं, देवी म्हणून नमस्कार केला. तेवढा वेळ त्या देवीच्या आईला गोठ्यात पाठवलं होतं. आपल्याकडे हे असं चालतं, आणि कुणाला काही वावगं वाटत नाही.

दसऱ्याला सकाळी भैयालाल आले. अंगणात रांगोळी, मधोमध मशीन, झेंडूची माळ.

"मंजुषा, पहिलं गवत कापून होयेपर्यंत समोर येऊ नको," ते म्हणाले. "शेवंता बी आतच राहीन. राग नको मानू. रीत हाय."

दोघी दारामागे उभ्या राहिल्या, सासू एका फळीशी, सून दुसरीशी. फटीतून अंगण दिसत होतं.

भैयालालना पूजा नुसत्या मशीनची नको होती, पात्याची हवी होती. लोकेशने आधी पात्यावरचं कवच काढलं, मग पातं. भैयालालनी ते दुधाने धुतलं, हळदकुंकू लावलं. लोकेशने ते परत बसवलं, नट ज्या बाजूने धरला त्याच बाजूने, डावीकडे, फिरवून घट्ट केला. इथवर ठीक होतं. कवच मात्र ओट्यावरच राहिलं.

"पक्कं कसलं का?" भैयालालनी विचारलं. "लेकरं समोर हायेत."

"कसतो अजून," लोकेश म्हणाला, आणि त्याने पाना लावून सवयीने जोर दिला. उजवीकडे.

नट जरा फिरला. लोकेशला वाटलं, बरं झालं, ढिल्लाच होता. त्याने आणखी अर्धा फेरा दिला.

"भाऊजी!" मंजुषा दारामागून म्हणाली.

शेवंताबाईंनी तिचा दंड धरला. "चूप!"

"माय, नट उलटा फिरवला त्यानं."

"चूप म्हनते ना. सुरू तं होऊ दे."

अंगणात भैयालालनी मान वळवली. "कोनाचा आवाज हाय? ऐन येळेले?" लोकेश ओशाळला, आणि ओशाळलेला माणूस घाई करतो. अंजूने ओवाळलं. खुशीला नारळाचं ताट देऊन मशीनच्या समोर उभं केलं, अगदी चार पावलांवर. कुमारिकेच्या समोर पहिलं सुरू झालं की बरकत येते म्हणे. लोकेशने दोरी ओढली. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा इंजिन सुरू झालं.

आता ओरडून उपयोग नव्हता. त्या आवाजात कुणालाच काही ऐकू गेलं नसतं. इंजिन मंद चालत होतं; पातं ॲक्सिलेटर दाबल्यावरच फिरतं, म्हणून ते अजून थांबलेलं होतं. लोकेशचं बोट ॲक्सिलेटरवर जात होतं, आणि त्याच्या समोर तिची पोर ताट धरून हसत होती.

मंजुषाने सासूचा हात झटकला आणि ती धावली. रांगोळी पायाखाली आली, समई कलंडली. तिने खुशीला एका हाताने मागे ढकललं. नारळ गडगडत गेला. दुसऱ्या हाताने तिने मशीनचा दांडा पकडला आणि लाल बटण दाबलं.

इंजिन बंद पडलं. मग भैयालाल कडाडले.

"काय केलं हे! पहिला हात लावला तुवा मशीनले? नवरा खाल्ला, आता काय देराले खाशीन?"

मंजुषा जमिनीवर बसली. तिने पान्याला हातसुद्धा लावला नाही. दोन बोटांनी नट फिरवला आणि तो निघून तिच्या तळहातावर आला. तिने हात वर करून लोकेशला दाखवला. लोकेशने नटाकडे पाहिलं, मग खुशीकडे. तो तिथेच ओट्याला टेकून बसला.

आता तरी भैयालाल शरमतील, असं तुम्हाला वाटत असेल. पण रीत पाळणाऱ्यांना शरमायला सवड नसते. ते म्हणाले, "देवानं वाचवलं. ठीक हाय. पन पूजा मोडली. नवी पूजा करा लागन. हिले पहिले आत पाठवा."

"मी आत जात नाही," मंजुषा म्हणाली.

"शेवंता, तुह्या सुनेले समजाव!"

शेवंताबाई दारातून बाहेर आल्या. अठरा वर्षांत पूजेच्या अंगणात त्यांचं पाऊल पडलं नव्हतं. त्या सुनेजवळ आल्या नाहीत, तिच्याकडे पाहिलंही नाही. भैयालालसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"राजूच्या गाडीचा स्टँड खाली होता," त्या म्हणाल्या.

कुणालाच काही कळलं नाही.

"त्या दिवशी गाडी अंगनातून निगाली तवा साइड स्टँड खालीच होता. मले फटीतून दिसलं. आवाज देनार होते. पन तूच म्हनलं होतं भैयालाल, गाडी वेशीच्या बाहेर जायेपर्यंत रांडव बाईचा आवाज कानावर आला नाही पाहिजे. मी तोंडात पदर कोंबला. म्हनलं, रस्त्यात येईन त्याच्या ध्यानात. डाव्या वळनावर गाडी झुकली, अन् स्टँड टेकला रस्त्याले. माह्या पोराले हिच्या पायानं नाही मारलं. मी चूप राह्यले म्हनून मेला तो."

अंजूच्या हातातलं ताट खाली आलं. लोकेश आईकडे बघतच राहिला. मंजुषा सावकाश उठली. तिचा आवाज आता अगदी खाली गेला होता.

"तीन वर्षं, माय? तीन वर्षं लोकं मले पांढऱ्या पायाची म्हनत होते. माह्या पोरीसमोर म्हनत होते. अन् तुमाले माहीत होतं?"

"हौ," शेवंताबाई म्हणाल्या.

ह्यावर क्षमा वगैरे काही झाली नाही. तसं लिहिणं मला सोपं होतं, पण ते खोटं ठरेल. मंजुषाने सासूकडे पाठ फिरवली आणि बराच वेळ ती खुशीला पोटाशी धरून उभी राहिली. तिच्या मनात काय चाललं होतं, ते तिच्या जागी उभं राहिल्याशिवाय कळायचं नाही. मुलगा गमावलेल्या आईचा तिला कळवळाही आला, आणि त्याच आईचा संतापही आला. दोन्ही खरं होतं.

भैयालाल जोडे घालून निघाले. प्रसाद न घेताच गेले.

शेवटी लोकेश उठला. सगळ्यांसमोर, मान खाली घालून म्हणाला, "वहिनी, नट कसा कसाचा ते दाखव मले."

तिने दाखवलं. एकदा नाही, तीनदा. त्याच्याकडून करून घेतलं, अंजूकडूनही करून घेतलं. कवच परत बसवलं. मग पट्टा खांद्यावर चढवला.

"माह्या नावावर अर्ज, माह्या अंगठ्याचा ठसा, अन् आजपर्यंत गवत माह्याच पाठीवर," ती म्हणाली. "पहिलं गवत मी कापीन. ज्याले पाहाचं नसन, त्यानं आत जावं."

आत कुणीही गेलं नाही.

त्या दसऱ्याला मोठा धुरा दुपारपर्यंत साफ झाला. पुढच्या आठ दिवसांत गंजी रचून झाली आणि म्हैस गोठ्यातच राहिली. गावात मात्र अजून म्हणतात की त्या घरात दसऱ्याची पूजा मोडली. एका पोरीचा आणि तिच्या काकाचा जीव वाचला, हे कुणी म्हणत नाही.

मी हे फक्त राजेगावकडच्या लोकांसाठी लिहिलेलं नाही. तुमच्याकडेही कधी ना कधी नवी गाडी येईल, नवा पंप येईल, निदान गिरणी तरी येईल. हार घालाल, पेढे वाटाल. त्या वेळी घरातली कोणती बाई अंगणात आलेली नाही, हे एकदा बघा. आई, सासू, वहिनी, काय असेल ते नातं, त्या नात्याने तिला हाक मारा आणि पुढे उभी करा. तिला काहीतरी दिसत असेल, आणि ते सांगायची सोय तुम्ही तिला ठेवलेली नसेल.