गोंदियाची जागा

आमच्या गावात सल्ला मागावा लागत नाही, तो घरपोच येतो. शिराळ्याजवळचं हे गाव निम्मं उसाचं आणि निम्मं पलटणीचं. माझं खताचं दुकान नाथाजी सुभेदारांच्या दारासमोर आहे, त्यामुळे त्यांच्या अंगणात कोण कशासाठी गोड बोलतंय याची नोंद माझ्याकडे आपोआप होते.

त्या आठवड्यात गावाला विषय एकच होता, सुभेदारांची नात राजेश्वरी. पोरीला पहिल्याच झटक्यात डॉक्टरकीची सरकारी जागा मिळाली होती. हवी होती मिरजेची, आपल्याच जिल्ह्यातली. ती थोडक्या मार्कांनी हुकली आणि तिसऱ्या फेरीत हातात पडलं गोंदिया, म्हणजे राज्याचं पार दुसरं टोक. शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत तिथं हजर व्हायचं, नाहीतर जागा सोडायची आणि पुढच्या वर्षी मिरजेसाठी पुन्हा परीक्षेला बसायचं. दुसऱ्यांदा मार्क वाढतीलच असं कुणी लिहून देत नाही.

बाप जयराज पलटणीत हवालदार, अरुणाचलात. घरात सुभेदार, सून अंजना, ही पोर, दोन म्हशी आणि ओढ्याकडेचा ऊस.

बुधवारी दुपारी मी समोर गेलो तेव्हा सुभेदार बाजेवर बसून लढाई जिंकून मोकळे झाले होते. शेजारी त्यांचा पलटणीतला जुना जोडीदार, ज्योतिबा नाईक.

"हजर व्हायचं आन गप ऱ्हायचं," सुभेदार सांगत होते. "दोन वर्सं काढली की घरच्या अडचणीवर बदली मागायची. मला मिळाली का न्हाई, आसामातनं बेळगावला? सैनिक बोर्डात वळख हाय माजी."

"आन गाडी बी बदलाय नगं," ज्योतिबा म्हणाला. "मिरजंत बसायचं, गोंदियात उतरायचं. लय झ्याक."

"तू गेलायस व्हय कवा?"

"न्हाई. पर गाडी बघितलीया."

ही बदलीची योजना गावाला फार आवडली होती. आवडणारच, तिच्यात कुणालाच काही ठरवावं लागत नव्हतं. पोरगी जाणार, ती परतही येणार, आणि मधल्या काळात सगळे शहाणे ठरणार.

राजेश्वरी चहा घेऊन आली. कप ठेवता ठेवता म्हणाली, "आबा, कॉलेजात बदली नसती."

"नसती म्हंजी? अर्ज केलास का?"

"अर्जच नसतो. जिथं नाव लागलं तिथंच शेवटपर्यंत."

"घरच्या अडचणीवर बी?"

"ते पलटणीत, आबा."

सुभेदारांनी चहा बशीत ओतला, पण प्यायले नाहीत. बशी तशीच हातात धरून त्यांनी एका दमात मोर्चा फिरवला. "मग सोड गोंदिया. मिरजंला परत बस. आई एकटी हाय तुजी."

ज्योतिबा ताडकन उठला. "आवं सुभेदार! पोरीला पोस्टिंग नाकाराय शिकवताय? आई एकटी हाय म्हनूनच तर तिनं लवकर डागदर व्हायला पायजे!"

गंमत बघा. दोघांची मतं दोन टोकांची, आणि दोन्ही अंजनाच्या नावावर. अंजना गोठ्यात, हाकेच्या अंतरावर वैरण टाकत होती. तिला विचारावं असं कुणाला सुचलं नव्हतं. मलाही नाही.

राजेश्वरीला सुचलं. "आई, तू सांग," तिनं तिथूनच हाक दिली.

अंजना पदराला हात पुसत बाहेर आली. सासऱ्यांसमोर कधी आवाज न चढवणारी बाई. आवाज तिनं तेव्हाही चढवला नाही.

"मामंजी, माज्या नावावर काय मांडू नका. लगीन झालं आन ह्यांची रजा संपली. तवापास्नं उसाला रातीचं पाणी, त्याची तोड, हिचं बाळंतपण, सगळं निभावलं. आनखी निभवीन." मग पोरीकडे वळली. "माज्यासाठी ऱ्हाणार असशील तर आजच पिशवी भर. सोतासाठी ऱ्हाणार असशील तर तसं तोंडानं म्हण."

इतकं स्वच्छ बोलणं माझ्या दुकानात वर्षभरात होत नाही. सुभेदारांनी मान खाली घातली. ज्योतिबा बसला.

राजेश्वरी म्हणाली, "सोतासाठीच. पप्पा रजेवर आले की चार दिवस विचारत असतात, साखर कुठं हाय, टॉवेल कुठं हाय. पाचव्या दिवशी त्यांना सगळं सापडतं, तवर जायची तयारी सुरू. मला या घरात तसं पाव्हणं व्हायचं न्हाई. शिकायचं बी हितंच आन दवाखाना बी हितंच. मार्क कुठं गेले ते मला ठाऊक हाय, फिजिक्समधे गेलेत. ते मी भरून काढीन."

"आन न्हाई भरलं तर?" ज्योतिबा.

"तर पुढच्या वर्षी गोंदिया मिळू दे न्हाईतर आनखी कुठलं, निमूट जाईन."

"कायच न्हाई मिळालं तर?"

तिचा चेहरा उतरला. हा प्रश्न तिनं स्वतःला आधीच विचारला असणार, आणि त्याचं उत्तर तिलाही आवडलं नसणार. "तर माझं चुकलं म्हणीन," ती म्हणाली. "आईवर ढकलणार न्हाई आन तुमच्यावर बी न्हाई."

मी दुकानदार माणूस, मला मधला रस्ता दिसला. "अगं, आत्ता हजर हो, जागा धरून ठेव आणि वर परीक्षा दे. जमलं तर मिरज, नाहीतर गोंदिया आहेच."

"ते बी बघितलं, काका. उशिरा सोडली तर ती जागा वर्षभर रिकामी जाती. आत्ता सोडली तर पुढच्या फेरीत कुणालातरी मिळंल. तिकडं बी एखाद्या पोरीला घराजवळ ऱ्हायचं असंल की."

अठरा वर्षांची पोर. आपल्या अडचणीत पार दुसऱ्या टोकाच्या, कधी न पाहिलेल्या पोरीची सोय बघते! मी माणसं तोलत आलो ती त्यांना काय हवंय यावरून. ही पोर आपल्याला काय नको, तेही नेमकं तोलून बसली होती.

शुक्रवारी ती दुकानात आली. काही घ्यायचं नव्हतं.

"काका, पाच वाजून गेले?"

"गेले की."

खताच्या पोत्याला टेकून उभी राहिली आणि हसली. "सुटलं. आता घाबराय मोकळी."

घरी गेली तर अंजना चरवी घेऊन गोठ्याच्या दारातच उभी होती. "उद्यापास्नं दोन्ही टायमाला धारा मी काढणार. तू पुस्तकातनं उठायचं न्हाई."

"सकाळची मी काढणार."

"फिजिक्स कोण करणार मग? म्हस?"

"आई, सकाळची धार बी काढायची न्हाई तर मी घरात ऱ्हायले कशाला?"

"मार्क वाढवाय ऱ्हायलीस!"

सुभेदार मध्ये पडायला गेले. दोघींनी एकदम "तुमी थांबा जरा" म्हणून त्यांना बाजेवर बसवलं. दोघी अशा तावातावानं भांडत होत्या की माझं गिऱ्हाईक युरियाचा भाव विचारायचं विसरून तिकडंच बघत राहिलं. सकाळची एक म्हैस राजेश्वरीची, बाकी सगळं अंजनाचं, एवढ्यावर मिटायला चांगलाच अंधार पडला.