न विचारता फोडलेली सुपारी

मी अडकित्ता बोलतोय. मला दात एकच, पण धार अशी की भलेभले बोट सांभाळून बसतात. शाळेत मी गेलो नाही. भैयाजींच्या बंडीच्या खिशात बसून जे कानावर पडलं, तेवढंच माझं शिक्षण. भैयाजींनीही शाळा अर्ध्यातच सोडली होती, म्हणून आमचं जमलं.

नागपूरच्या इतवारीतल्या एका तांबटानं मला घडवलं. पितळेची पोपटमान दिली, वर बडबडही दिली.

सक्करदऱ्याचे भैयाजी लग्नं जुळवायचे. हुंड्यावरून नाहीतर वरमाईच्या लुगड्यावरून घोडं अडलं, की त्यांना बोलावणं यायचं. दोन्हीकडून होकार येईपर्यंत ते मला बाहेर काढत नसत. होकार आला की सुपारी फोडायचे. कट्! त्या आवाजानंतर माघार नाही. एखाद्या कंजूस सासऱ्यानं मला हातात घेतलं, की मी त्याच्या बोटाची कातडी हळूच धरायचो. कसा नाचायचा म्हणता!

कन्हान नदीकाठी मासेमारांची ढिवरवाडी आहे, तिथल्या कौशल्याचं रामाजीशी लग्न माझ्याच दाताखाली ठरलं.

आणीबाणी उठल्यानंतरच्या उन्हाळ्यात नदीकाठच्या कारखान्याच्या सांडपाण्याचा बांध फुटला. काळं पाणी नदीत शिरलं. मासे पोट वर करून तरंगले, वाळूतली खरबुजांची डांगरवाडी वेलांसकट करपली. रामाजी जाळं काढायला त्या पाण्यात उतरला. त्याच्या पायांची सालं निघाली. तो पुन्हा उभा राहिला नाही.

कोर्टात जन्म जाईल, म्हणून दोन्ही बाजूंनी भैयाजींना मध्यस्थ नेमलं. शाळेच्या ओसरीत बैठक बसली. कारखान्याचे मधुसूदनसाहेब खुर्चीवर, ढिवर मंडळी सतरंजीवर. रक्कम ठरली. अडलं ते एका शब्दावर.

"कागदावर 'मदत' लिहा," साहेब म्हणाले.

"मदत काहून?" कौशल्या उठली. "मदत भिकाऱ्याले देतेत. भरपाई लिहा."

"बाई, पैसे तेच आहेत. शब्दात काय ठेवलंय?"

"काही नाही ठेवलं, तं मंग भरपाईच लिहून टाका ना जी!"

सगळी ओसरी हसली. खिशात मीही हसलो. साहेब हसले नाहीत. 'भरपाई' लिहिली की चूक कारखान्याची, 'मदत' लिहिली की कारखाना दानशूर.

"माझा माणूस दारू पिऊन पाण्यात पडला, असं तुमचे लोकं सांगत फिरून राहिले," कौशल्या म्हणाली. "भरपाई लिहान, तवाच त्याचं नाव साफ होईन."

साहेब खुर्चीवरून उठू लागले. आजवर भैयाजींची एकही बैठक मोडली नव्हती. त्या तोऱ्यापायी त्यांचा हात खिशात गेला. मला वाटलं, तंबाखू काढताहेत. निघालो मी.

कट्!

म्हातारे गुडघ्यांवर हात ठेवून उठले. "सुपारी फुटली गा. झालं!" अंगठ्यांना शाई लागू लागली.

"भैयाजी, मी हाव कवा म्हटलं जी?"

"अवं, आता फुटली ना सुपारी..." त्यांना तिच्याकडे पाहवेना.

तिनं माझ्याकडे पाहिलं. तिचा संसार ज्या आवाजानं सुरू झाला, तो खोटा ठरवायचा कसा? तिनं 'मदत' लिहिलेल्या कागदावर अंगठा दिला.

चावणं हा माझा धंदा. कुणाच्या सांगण्यावरून चावतोय, हे विचारायला तोंड रिकामं असावं लागतं. माझं भरलेलं होतं.

पुढच्या आठवड्यात कारखान्याच्या फाटकापाशी मदतवाटप झालं. रामाजीला खाटेवर उचलून आणलं आणि फोटोसाठी हात जोडायला लावले. भैयाजींच्या गळ्यातही हार पडला. तो त्यांनी वाटेतच काढला.

त्यानंतर घरात मला कुणी हात लावेना. "सुपारी कडू लागून राहिली काय जी?" भैयाजींच्या बायकोनं, देवकीबाईंनी, विचारलं.

"तोंडच कडू झालं वं."

शेवटी ते मला घेऊन कन्हानला गेले. "दावा लाव, कौशल्या. तू हो म्हटलं नव्हतं, हे मी कोर्टात सांगतो."

"बैठकीत फोडली, आता कोर्टात जोडता काय जी?"

"जोडता नाही येत. कोणं फोडली, थे सांगता येते."

कौशल्याच्या दाव्यात साक्षीच्या दिवशी भैयाजींनी मला पुरावा म्हणून पुढे केलं, तसा कारखान्याचा वकील पोट धरून हसला. न्यायाधीश हसले नाहीत. माझ्या मानेला चिठ्ठी बांधून त्यांनी मला कोर्टाच्या कपाटात ठेवलं. भैयाजींना मात्र त्या दिवसापासून लग्नाचं एकही बोलावणं नाही. सोयरीक जुळवणारा आपलीच सुपारी खोटी म्हणतो, त्याला दारात कोण उभं करणार?

आता माझं पातं गंजलंय, चेष्टा करायला बोटंही मिळत नाहीत. तुमच्या घरी माझा एखादा भाऊबंद असेल, तर एवढं करा. सुपारी त्याच्या तोंडात देण्याआधी समोरच्या बाईचं तोंड बघा.

निकाल अजून लागायचाय. तारखेला मला टेबलावर आणतात. भैयाजी लांबच्या बाकावर मान खाली घालून बसलेले असतात. कौशल्या त्यांच्याशी बोलत नाही. मग पट्टेवाला दारात उभा राहून साऱ्या आवाराला ऐकू जाईल असं ओरडतो, "नुकसानभरपाईचा दावा! कौशल्याबाई रामाजी!"

ती पदर खोचून उठते. तिला कुणीतरी विचारलेलं असतं.

"हाव!"