बिनथांब्याची गाडी

माझ्या नवऱ्याला विमानाची भीती वाटते, हे अख्ख्या सेलूला माहीत आहे. किराणावाल्याला माहीत आहे, माझ्या शाळेतल्या जुन्या बायांना माहीत आहे, रविवारी विहारात वंदनेला येणाऱ्यांनाही माहीत आहे. ही बातमी मीच पसरवली आणि ती साफ खोटी आहे. विमानाची भीती मला वाटते.

मी छाया. सदतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण होते. मुलांना दरडावून सांगायचे, भ्यायचं काही काम नाही. आमचे बाबाराव एसटीत ड्रायव्हर. एकतीस वर्षांत एकही अपघात नाही. उंचीचं मला काही वाटत नाही. मला धडकी भरते ती दार बंद होण्याची. बसमध्ये जीव घाबरला तर ओरडावं, गाडी थांबते, माणूस उतरून रस्त्याच्या कडेला बसतो. विमान म्हणजे बिनथांब्याची गाडी. एकदा दार लागलं की लागलं.

तीन वर्षांपूर्वी आमच्या काजलचा आयर्लंडला पदवीदान समारंभ होता. तिने दोघांना बोलावलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "तुह्या बाबाले भेव लागते वं विमानाचं. त्याइले एकटं सोडून मी कशी येऊ?" बाबाराव तेव्हा पडवीत सायकलच्या चेनला तेल देत होते. त्यांनी ऐकलं नसावं, असं मी धरून चालले. पुढे लोक त्यांना चिडवायला लागले, "काय ड्रायव्हर साहेब, आभाळात गाडी चालवाले भेता?" ते नुसते हसायचे. माणूस गरीब आहे, म्हणून मी खोटं आणखी वाढवत नेलं.

आता तिकडेच काजलचं पहिलं बाळंतपण आलं होतं. डॉक्टरांनी तिला प्रवास मना केला होता आणि जावयाला, रुपेशला, आई नाही. "आई, कळा सुरू झाल्यावर मी कोणाले आवाज देऊ?" असं ती फोनवर म्हणाली, तेव्हाही मी बाबारावांची भीतीच पुढे केली. त्यावर तिनेच उपाय शोधला. गिरडच्या रस्त्याला कोणा निवृत्त हवाई दलवाल्याने जुनं प्रवासी विमान आणून संग्रहालय उघडलं होतं. आत बसवतात, पट्टा बांधतात, दार लावून इंजिनाचा आवाज करतात, खालची जमीन हलवतात. "बाबाले तिथं घेऊन जाय. त्याइचं भेव मोडलं की संध्याकाळी हाव म्हणजो, रुपेश लगेच तिकिटं काढते."

म्हणजे माझ्याच नवऱ्याची खोटी भीती घालवायला मला खऱ्या विमानात बसायचं होतं. करावे तसे भरावे म्हणतात ते हेच.

सकाळी सातला आमच्या जुन्या मोटारीने निघालो. आमच्याकडे एक रीत आहे. कंडक्टरने दोनदा घंटी दिल्याशिवाय एसटी हलत नाही, आणि ती सवय बाबारावांची निवृत्तीनंतरही गेली नाही. गाडी सुरू करून ते माझ्याकडे बघत बसतात. मी समोरच्या फळीवर बोटाच्या पेराने दोनदा ठोकलं की मगच गिअर पडतो. त्या दिवशी मी बराच वेळ ठोकलंच नाही. पर्समध्ये चष्मा शोधला, घराच्या कुलपाला परत हिसका देऊन आले. शेवटी मी टकटक केलं.

दोन तासांचा रस्ता आम्ही पाच तासांत कापला, तो माझ्या कर्तृत्वाने. हिंगणघाटला तर्री-पोहे मागवले आणि एकेक दाणा वेचून खाल्ला. पुढे मळमळतं म्हणून लिंबू सरबत, मग सरबतामुळे बाथरूम. मग म्हटलं, एवढ्या दूर आलो तर गिरडच्या दर्ग्याला जाऊन येऊ.

"तुह्या गुडघ्याले काय म्हणशील?" बाबारावांनी विचारलं.

"गुडघ्याले काई नाई होत."

गुडघ्याला खूप काही झालं. पण टेकडीवर पोचले, माथा टेकला आणि काजलचं सुखरूप मागितलं. मागताना मनात आलं, ते विमान आज बंद असू दे, हेही मागून टाकावं. लाज वाटली म्हणून नाही मागितलं. उठून खाली पाहिलं तर लांब तुरीच्या शेतात एक पांढरी शेपटी उभी होती.

संग्रहालयाच्या फाटकावर बाबारावांनी खिशातून प्लास्टिकची पिशवी काढली आणि दोन पासपोर्ट पुढे केले. फाटकावर मालक स्वतःच होते, श्रावणभाऊ, पांढऱ्या मिशांचे. ते पोट धरून हसले. "काका, हे विमान कुठंच जात नाई. पासपोर्ट काऊन आणले?"

"इचारतीन म्हणून आणले," बाबाराव म्हणाले आणि ओशाळून पासपोर्ट पुसत परत ठेवले. माझ्याने बघवेना. पासपोर्ट काजलने तिकडे जाण्याआधी काढून दिले होते. त्यांचा त्यांनी एवढा जपून ठेवला असेल, हे मला माहीत नव्हतं.

आत आमच्याखेरीज नागपूरचं एक कुटुंब होतं; चढता चढताच बाबारावांची एसटीतली एकतीस वर्षं त्यांना सांगून झाली होती. खिडकीशी बाबाराव, शेजारी मी. पट्टा आवळला. श्रावणभाऊंनी दार ओढलं आणि ते धप्पकन लागलं. त्या आवाजासरशी माझा श्वास छातीतच अडकला. मग आवाज सुरू झाला, आधी बारीक, मग कानठळ्या बसतील असा. जमीन थरथरू लागली. विमान मातीत रुतून उभं आहे हे मला कळत होतं, बाहेर तूर जागची हलत नव्हती हे दिसत होतं, तरी मी आता मरते असं वाटलं. हातापायाला मुंग्या आल्या. पट्टा सुटेना. मी बाबारावांच्या दंडात नखं रुतवली आणि तोंड उघडलं तर आवाजच फुटेना.

"बंद करा हो, भाऊ!" बाबाराव ओरडले. "मले कसंतरी होऊन राह्यलं!"

सगळं थांबलं. दार उघडलं. नागपूरचा माणूस हसून म्हणाला, "काका, तुम्ही तर ड्रायव्हर होते ना? ये तो खडा हुआ जहाज है!" त्याची बायकोही हसली. बाबाराव पण हसले. त्यांच्या दंडावर माझ्या चार नखांचे लाल वण होते आणि ते त्यांनी बाही ओढून झाकले.

बाहेर पंखाच्या सावलीत बसलो. मी म्हटलं, "तुम्ही काऊन असं म्हणाले?"

"नेहमीच म्हणतो ना."

"म्हंजे?"

"त्या दिवशी मी पडवीतच होतो, छाया. चेनीले तेल देत होतो. कानाले काई झालं नव्हतं."

बोलण्यात राग नव्हता, तेच वाईट. राग असता तर मी भांडले असते, भांडायला मी कमी नाही. तीन वर्षं हा माणूस गावाच्या थट्टेला हसत होता आणि मी त्याला गरीब समजत होते. मला स्वतःची किळस आली.

तेवढ्यात काजलचा व्हिडिओ कॉल आला. तिचा चेहरा सुजलेला, डोळ्यांखाली काळं. "बाबा, कसं वाटलं? अजून भेव लागते का?"

"लागते थोडंसं, बेटा, मी..."

मी त्यांच्या हातून फोन ओढून घेतला. "तुह्या बाबाले कशाचंच भेव नाई. मले लागते. तवाही मलेच लागत होतं. मी खोटं बोलली."

काजलने फोन डोळ्यांजवळ आणला. मग म्हणाली, "मंग बाबा, तुम्ही पदवीदानाले काऊन नाई आले? मी तुमच्यासाठी पहिल्या रांगेत जागा धरली होती."

बाबारावांनी फोनकडे न बघता माझ्याकडे बघितलं. "घंटी नाई भेटली ना, बेटा. बिगर घंटीची गाडी कशी नेऊ?"

फोन माझ्या हातातून मांडीवर पडला. काजल "आई, आई" करत होती. बाळंतपणात ती अशीच आवाज देईल, आणि तेव्हा तिथे कोणीच नसेल, हे मला अगदी स्पष्ट दिसलं.

मी फोन उचलला. "थांब. संध्याकाळची वाट पाहू नको. दहा मिनिटांत सांगते."

मग बाबारावांना म्हटलं, "तुम्ही एकटे जा. आताच घंटी देते मी."

"बाळंतीण बाईजवळ मी काय करू?" ते म्हणाले. "अन् कंडक्टर खाली ठेवून मी कवाच गाडी नेली नाई."

मी उठले. श्रावणभाऊंना म्हटलं, पुन्हा एकदा, आणि या खेपेला मी ओरडले तरी दार उघडू नका. त्यांनी बाबारावांकडे बघितलं. मी म्हटलं, "त्याइले काऊन पाह्यता? भेते मी."

पुन्हा तीच खुर्ची, तोच पट्टा. दार धप्पकन लागलं. श्रावणभाऊ पुढून ओरडले, "सुरू करू का?"

बाबाराव गाडी सुरू करून बघतात तसे माझ्याकडे बघत बसले. मला उतरायचं होतं. आत्ताच्या आत्ता उतरून तुरीत जाऊन बसायचं होतं. ते बघतच होते, आणि मला कळलं की मी आणखी तीन वर्षं हात हलवला नाही तरी हा माणूस असाच बसून राहील.

मी पुढच्या खुर्चीच्या पाठीवर दोनदा ठोकलं.

विमान गडगडायला लागलं. मी डोळे मिटून काजलचं नाव घेत राहिले. भीती काही कमी झाली नाही, उलट वाढली. मधे एकदा डोळे उघडले तर बाबाराव खिडकीला नाक लावून बाहेर बघत होते. बाहेर फक्त तूर होती, पण त्यांचा चेहरा कुठेतरी निघालेल्या माणसाचा होता आणि त्यांचा एक हात खिशातल्या पासपोर्टांवर होता. मी फोन काढला आणि काजलला लिहिलं, "दोन तिकिटं काढ. बाबाले खिडकी पाह्यजे."