लॉनीचं कोपर

"तुझं नाव निघालं होतं हं बैठकीत," मोठ्या संघाचे प्रॅट साहेब बाकावर रुमाल अंथरून बसत म्हणाले. "पण लोकांना बडं नाव लागतं रे. रेक्स मॅडॉक्स म्हटलं की स्टेडियम भरतं. आणि तू इथून हललास तर पोरं घडवायची कुणी?"

बुटाची नाडी सोडता सोडता वॉल्डो क्रेमरचे हात थांबले. बेसबॉलमध्ये एकोणीस वर्षं त्याने कॅचर म्हणून, चेंडू झेलत, फलंदाजामागे उकिडवं बसून काढली. त्यात गुडघे गेले, उजव्या हाताची तीन बोटं मोडून वाकडी झाली. मग नऊ वर्षं, मोठ्या संघासाठी पोरं तयार करणाऱ्या मेरिडन फॉल्सच्या या किरकोळ संघाचा मॅनेजर, म्हणजे शिकवणारा आणि कुणाला खेळवायचं ते ठरवणाराही तोच. दर उन्हाळ्यात मोठा संघ त्याच्या हाताखाली तयार झालेला खेळाडू उचलून न्यायचा आणि प्रॅट साहेब म्हणायचे, मोठ्या संघाचा पुढचा मॅनेजर तूच. ती जागा आता रेक्सने पटकावली होती. रेक्सने! चेंडू लांब टोलवण्यापलीकडे ज्याला खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं!

"लॉनीला उद्याच पाठव," साहेब उठले. "आणि रेक्सला त्याच्याबद्दल चार ओळी लिहून दे. तुझ्या शब्दावर आमचा डोळे मिटून विश्वास आहे."

लॉनी बीसन हा त्याचा बावीस वर्षांचा पिचर, फलंदाजाला चेंडू टाकणारा. भले भले फलंदाज त्याच्यापुढे चळचळ कापत. फक्त एक होतं. दमला की त्याचं कोपर खाली यायचं, आणि त्यानंतरचा प्रत्येक चेंडू खांद्याचं वाटोळं करायचा. लॉनीला स्वतःला ते कळत नसे. वॉल्डोला दिसे, आणि तो त्याला तिथल्या तिथे बाहेर काढी. लॉनी शिव्या घालत मैदान सोडी.

घरी व्हर्ना, त्याची बायको, मक्याची कणसं सोलत होती. तिने त्याचं तोंड बघूनच ओळखलं.

"रेक्सला दिलं ना? जळलं मेलं त्यांचं तोंड! आणि तू आता त्याला पत्र लिहिणार?"

"लॉनीसाठी लिहितोय."

"लिही, लिही. अजून नऊ वर्षं लिही!"

त्याने लिहिलं. डावखुऱ्याला लॉनी कसा टाकतो, कधी बिथरतो, सगळं. कोपराशी येऊन पेन अडलं. घे की शोधून, रेक्स. एवढा मोठा मॅनेजर ना तू! कोपराचं काही न लिहिताच त्याने खाली सही ठोकली. बऱ्याच दिवसांनी त्याला बरं वाटलं.

जून-जुलैत पेपरात लॉनीचंच नाव होतं. ऑगस्टात ते दिसेनासं झालं. सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी तो बॅग घेऊन मैदानावर हजर.

"परत पाठवलं, कोच," तो हसायला गेला. "खांदा गेला म्हणतात. रेक्स बाहेर काढायचाच नाही. टाक म्हणायचा, मी टाकत राहिलो. तुम्ही काढायचात तेव्हा किती शिव्या घातल्या मी! तुम्हाला दिसायचं तरी काय हो?"

"कोपर," वॉल्डो कसाबसा म्हणाला. "खाली यायचं."

"अरेच्चा! मग हे त्याला कुणीतरी सांगायचं की!" लॉनी अगदी साधेपणाने म्हणाला. "जाऊ दे. चार चेंडू घेता? डॉक्टरचं खरं वाटत नाही मला. तुम्ही सांगाल ते खरं."

वॉल्डो कण्हत झेलायला उकिडवा बसला. लॉनीने दात आवळून चेंडू टाकला. तो इतका हळू आला की वॉल्डोने हातमोज्याशिवाय, नुसत्या हातानेही झेलला असता.

"कसा आला?" लॉनीने तिकडून विचारलं.

आजवर चेंडूच्या बाबतीत वॉल्डो कुठल्याच पिचरशी खोटं बोलला नव्हता.

"झकास," तो म्हणाला. मान मात्र त्याने वर केली नाही.